बायपासनंतर दूध पचेना, तुम्ही काय करता?

कोथरूडची_पमी
मंडळी, इतके दिवस मी नुसती वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण आता वैताग आलाय. उन्हाळ्यात वजन कमी करायला मिनी गॅस्ट्रिक बायपास (पोटाची सर्जरी, हृदयाची नव्हे) झालं. वजन छान उतरतंय, शुगरची गोळी बंद झाली, गुडघे बोलायचे थांबले, तक्रार काही नाही. पण दूध! लहानपणापासून रात्री पेलाभर दूध पिऊन झोपणारी मी, कधी म्हणजे कधी त्रास नव्हता, आणि आता अर्धा कप प्यायले की पाऊण-एक तासात पोटात गुडगुड, फुगून टम्म, वास येणारा गॅस आणि मग पळापळ. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर काय होतं ते सांगत नाही, समजून घ्या.

आता माझा खाण्याचा चार्ट बघा: सकाळी दूध, अकराला ताक, दुपारी दही, चारला प्रोटीन पावडर (दुधातून), रात्री हळद-दूध. सासूबाई म्हणतात दूध सोडलंस तर चाळिशीतच हाडं ठिसूळ होतील. हॉस्पिटलमध्ये फोन केला तर "थोडे दिवस अवॉइड करा" एवढंच सांगितलं, फॉलोअप पुढच्या महिन्यात. तोपर्यंत काय करू? हे कायमचं आहे का? आणि दूध नाही तर प्रोटीन कुठून आणू, पोटात तर चार घास मावतात.

मिसळ_विदाउट_पाव
चार्ट लिहिणाऱ्याचा डेअरीचा जोडधंदा आहे का ते बघ आधी. (दिवे घे, गंमत करतोय.)
सिरियसली, मला स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून नळीसारखं करतात ती सर्जरी) झाल्यावर पहिले काही महिने सेम. नंतर बरंच कमी झालं. आता चहातलं दूध चालतं, पेलाभर प्यायची हिंमत केलेली नाही.

निवृत्त_फिजिशियन
पमीताई, घाबरू नका, यात जीवाला धोका नाही, पण कारण समजून घेतलंत तर पुढचं सोपं जाईल. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं आणि ते लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात असतं, त्यातही लहान आतड्याच्या वरच्या भागात जास्त. मिनी बायपासमध्ये साधारण दीड ते दोन मीटर आतडं अन्नाच्या वाटेतून वगळतात. कात्रज बायपासने गेलेल्या गाडीला गावातली दुकानं लागत नाहीत तसंच हे, जिथे लॅक्टेज भरपूर होतं तिथे दूध आता जातच नाही. त्यात पोटाची पिशवी छोटी आणि खाली पायलोरसची (पोटातून अन्न हळूहळू सोडणारी) झडप वाटेत नाही, त्यामुळे प्यायलेलं दूध भर्रकन खाली उतरतं, उरलेल्या आतड्याला काम करायला वेळच मिळत नाही. न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं (म्हणून जुलाब) आणि मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात (म्हणून गॅस).

आता "आधी कधीच त्रास नव्हता" याबद्दल. मोठेपणी लॅक्टेज कमी होणं हा आजार नाही, जगातल्या बहुतेक प्रौढ माणसांचं तसंच असतं आणि भारतात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे ते जास्त दिसतं. तुमचंही आधीपासून थोडं कमीच असण्याची शक्यता आहे. पोट हळूहळू रिकामं होत होतं, जेवणाबरोबर दूध जात होतं, तेवढ्यात निभावत होतं. सर्जरीने ते उघडं पडलं. आणि ही दुधाची अ‍ॅलर्जी नव्हे. अ‍ॅलर्जीत दुधातल्या प्रोटीनचा प्रश्न असतो, तिथे थेंबभरही चालत नाही. इथे सगळा हिशोब मात्रेचा आहे.

कायमचं का? काहींचं आतडं काही महिन्यांत जुळवून घेतं, काहींचं तसंच राहतं. आज सांगता येणार नाही.

कोथरूडची_पमी
काका, खूप धन्यवाद. इतकं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवला.

पर्वती_रोज
माफ करा पण स्पष्ट बोलतो. देवाने दिलेलं आतडं कापून वळवायचं आणि मग दूध पचत नाही म्हणायचं. रोज पहाटे पर्वती चढली असती, रात्रीचं जेवण सातला केलं असतं तर ही वेळच आली नसती. आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलं.

मिसळ_विदाउट_पाव
आजोबांना नमस्कार. धाग्याचा विषय सर्जरी करावी का हा नाहीये, ती झालीय. वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडतो.

आहारवाली
@पर्वती_रोज, पर्वती चढून पन्नास किलो उतरत नाहीत हो सगळ्यांचे, आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी कशी चढायची. असो.

पमी, मी डाएटिशियन आहे (तुझी नाही, त्यामुळे तुझ्या टीमला विचारल्याशिवाय काही बदलू नकोस), पण बायपासचे पेशंट बघते म्हणून लिहिते. आधी एक प्रश्न. दुधात साखर घालतेस का? आणि त्रास नक्की कधी होतो, लगेच की तासाभराने? घाम, छातीत धडधड, गरगरणं असलं काही?

कोथरूडची_पमी
साखर एक चमचा, आणि प्रोटीन पावडर चॉकलेट फ्लेवरची, ती गोडच असते. त्रास बहुतेक वेळा पाऊण-एक तासाने. पण हो, परवा ऑफिसात एकाच्या बाळाच्या बारशाचे पेढे आले, एक खाल्ला आणि पंधरा मिनिटांत घाम फुटून धडधडायला लागलं, मीटिंगमध्ये बसवेना, लेडीज रूममध्ये जाऊन आडवी पडले. तो पण दुधाचाच त्रास ना?

आहारवाली
तेच विचारायचं होतं. पेढ्याचा प्रकार हा दुधापेक्षा डंपिंगचा वाटतोय. खूप गोड काहीतरी एकदम आतड्यात पडलं की दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, मळमळ, कधी जुलाब. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी, त्यात शुगर घसरते, हात थरथरतात, डोकं हलकं होतं. नुसत्या लॅक्टोजने घाम आणि धडधड सहसा होत नाही, तिथे सगळी मजा कमरेखाली. पेढ्यात तुला दोन्ही मिळालं, कारण खवा म्हणजे दूध आटवून आटवून केलेला, त्यातलं लॅक्टोजही आटून दाट झालेलं, वर पिठीसाखर.

म्हणून पहिलं काम, दोन आठवडे लॅक्टोजवालं सगळं बंद कर आणि वहीत लिही काय खाल्लं, किती वाजता, काय झालं. त्रास थांबला तर मग एक-एक गोष्ट परत आण, साखरेशिवाय, आणि एकावेळी एकच. हायड्रोजन ब्रेथ टेस्ट म्हणून एक टेस्ट असते पण त्यात लॅक्टोजचं चांगलंच गोड पाणी प्यायला लावतात, बायपासवाल्यांना त्यानेच डंपिंग होऊ शकतं आणि अन्न भराभर खाली जात असल्यामुळे रिझल्टही गोंधळात टाकतो. डॉक्टरांनी सांगितली तर कर, स्वतःहून धावू नकोस.

बाकी मात्रेचा अंदाज असा: साध्या दुधात १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज, गाईचं असो की म्हशीचं फार फरक नाही (टोन्ड केलं तरी तेवढंच, जाते ती फॅट). ज्यांचं आतडं शाबूत आहे अशा बऱ्याच लोकांना एकावेळी १२ ग्रॅमपर्यंत चालून जातं, बायपासनंतर मात्र हा आकडा विसर, तुझा आकडा तुझ्या वहीतूनच निघेल. अमृततुल्यच्या चहाच्या छोट्या कपात दूध थोडंच असतं म्हणून तो बऱ्याच जणांना सोसतो, पण त्यातली साखर बघ, बिनसाखरेचा मागितलास तर ते असे बघतात की काय सांगू.
दही दुधापेक्षा बरं, कारण विरजणातल्या जंतूंनी काही लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं आणि त्यांचं स्वतःचं एन्झाइमही पोटात मदत करतं. चक्का अजून बरा, पाण्याबरोबर बरंचसं लॅक्टोज निथळून जातं. पनीरमध्येही कमी, पण घरी पनीर केल्यावर ते पाणी सूपमध्ये घालू नकोस, सगळं लॅक्टोज तिथेच गेलेलं असतं. साजूक तुपात जवळपास नाहीच.

आणि प्रोटीन पावडरचा डबा उलटा करून वाच! व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) कॉन्सन्ट्रेट लिहिलंय की आयसोलेट? कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज राहतं, आयसोलेटमध्ये अगदी नाममात्र. काही पावडरींमध्ये स्किम्ड मिल्क पावडर घातलेली असते आणि तिच्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास लॅक्टोजच असतं.

कोथरूडची_पमी
वाचला डबा. कॉन्सन्ट्रेट. आणि खाली बारीक अक्षरात स्किम्ड मिल्क पावडर. वर मी ते दुधात कालवत होते 🤦‍♀️
थांबा, अजून आहे. आत्ता सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या तुझ्या दुधीच्या सूपमध्ये मी रोज दोन चमचे दूध पावडर घालते, ताकद यावी म्हणून. आता यांना काय बोलू, प्रेमानेच करतात.

सिंहगडी
मी बायपासवाला, जुना खेळाडू. माझा अनुभव असा की गडावर मटक्यातलं दही खाल्लं तरी मला काही होत नाही आणि घरी कपभर दूध प्यायलं की संध्याकाळ वाया. दही चांगलं घट्ट लागलेलं, आंबटसर असलं की सोसतं, सकाळी लावून दुपारी खाल्लेलं गोडसर दही तेवढं सोसत नाही. घरच्या दह्याचं ताक उत्तम, पण पातळ ताक पेलाभर जेवणाबरोबर ढोसायचं नाही, जेवण झाल्यावर निदान अर्धा तास थांबून, घोट घोट. जेवताना पाणी/ताक प्यायलं की सगळं धुवून खाली जातं, आपल्याला तर तेच नको असतं ना.

खडकीकर
असहमत. मला ताकही चालत नाही, दही पण नाही, फक्त तूप. सगळ्यांना दही चालतं असं लिहू नका, लोक वाचून प्रयोग करतात.

सिंहगडी
"माझा अनुभव" असं लिहिलंय पहिल्याच ओळीत, खडकीकर.

खडकीकर
बरं. भापो (भावना पोचल्या).

नाचणीची_भाकरी
हाडांचं मी सांगते कारण मला फॉलोअपमध्ये व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमवरून चांगलंच झापलं होतं. दूध सुटलं म्हणून घाबरायचं नाही पण गोळी सुटली तर नक्की घाबरायचं. बायपासवाल्यांना खाणं आणि गोळ्या धरून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं मला सांगितलंय. ते सायट्रेट असलेलं बरं, कारण कार्बोनेट विरघळायला पोटात अ‍ॅसिड लागतं आणि आपल्या पिशवीत ते कमी. एकावेळी ५०० ते ६००च्या वर घेऊन उपयोग नाही, शरीर घेतच नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा. आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवायचं, दोघं एकत्र गेले की लोह नीट शोषलं जात नाही. मी मोबाईलवर अलार्म लावलेत, ऑफिसात सगळ्यांना वाटतं माझं काय चाललंय.

नाचणी, तीळ, राजगिरा हे आहेच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम, तिळात तर हजाराच्या वर. पण जरा विचार करा, आपल्या पोटात एकावेळी जातात वीस-तीस ग्रॅम, आणि तीळ कोण १०० ग्रॅम खाणार. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं "नाचणी खा, गोळी फेका" हे आपल्यासाठी नाही. नाचणी खायची आणि गोळीही घ्यायची. मासे खात असाल तर छोटे, काट्यासकट खाता येतील असे.

मिसळ_विदाउट_पाव
प्रोटीनचं: मला ६० ते ८० ग्रॅमचं टार्गेट आहे. अंडी, मुगाचं धिरडं, मऊ शिजवलेली मसूर, टोफू, चिकन खिमा (कोरडं चिकन अडकतं, खिमा उतरतो). सोया दूध बिनसाखरेचं घ्या. बदामाचं दूध मात्र नावालाच, पाकिटावर प्रोटीन बघा, जवळपास पाणीच असतं. आणि घासातला पहिला मान प्रोटीनला, भात शेवटी, जागा उरली तर.

आहारवाली
अनुमोदन. फक्त सोया दूध सुरुवातीला अर्धा कपच, काहींना त्यानेही गॅस होतो.

बाणेरची_बाय
लॅक्टोज-फ्री दूध मिळतं की आता, अमूलचं आहे, मोठ्या दुकानांत आणि घरपोच अ‍ॅपवर पण दिसतं. कुणी वापरलंय का?

सिंहगडी
हो, मी वापरतो. जरा गोड लागतं, साखर घातल्यासारखं, पण घातलेली नसते. लॅक्टोज आधीच फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं, ते जिभेला जास्त गोड लागतं. त्याची शेवयाची खीर करून बघा, वरून साखर लागतच नाही.

निवृत्त_फिजिशियन
यात एक भर. साखर फोडलेली आहे, काढून टाकलेली नाही. त्यामुळे गॅस-जुलाब थांबतील, पण ज्यांना डंपिंग होतं किंवा शुगर आहे त्यांनी ते पाण्यासारखं प्यायचं नाही. थोडं थोडं, शक्यतो काही खाल्लेलं असताना.
लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. दुधाचा पदार्थ खाताना पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, खाऊन झाल्यावर घेऊन उपयोग नाही. बायपासवाल्यांत त्यांचा परिणाम कमी-जास्त होतो कारण अन्नाबरोबर मिसळायला वेळ कमी मिळतो. एखाद्या लग्नाला जाताना ठीक, रोज त्यांच्या भरवशावर बासुंदी नको.

बाणेरची_बाय
धन्यवाद काका. जाता जाता, बाकीच्या औषधांच्या गोळ्यांत पण लॅक्टोज असतं असं वाचलं, थायरॉइडची गोळी बंद करू का?

निवृत्त_फिजिशियन
अजिबात नाही! गोळीत भरीला घातलेलं लॅक्टोज फार थोडं असतं, मिलिग्रॅममध्ये. दुधाच्या दोन चमच्यांतही त्याहून जास्त निघेल. बहुतेकांना त्याने काही होत नाही. शंका आली तर डॉक्टरांकडून ब्रँड बदलून घ्या, बंद करू नका.

वारज्याची_वहिनी
मला एक सांगायचंय, कुणाला घाबरवायला नाही. माझ्या नणंदेचं बायपास झालं, तिला पण जेवल्यावर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायचं आणि आम्ही सगळे "दूध दूध" करत बसलो. तिने दूध सोडलं, दही सोडलं, चहा काळा प्यायला लागली, तरी दुखतंच, एकदा रात्री पाठीपर्यंत कळ गेली आणि उलट्या. सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे. भराभर वजन उतरलं की खडे होतात म्हणे, सर्जरीवाल्यांमध्ये कॉमन आहे.

निवृत्त_फिजिशियन
वहिनींचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचा. म्हणूनच पुष्कळ सर्जन पहिले काही महिने खडे होऊ नयेत म्हणून गोळी देतात, ती चुकवू नका. आणि अजून एक. बायपासनंतर कितीही काळाने, अगदी काही वर्षांनी, पोटात मुरडून येणाऱ्या जोरदार कळा, विशेषतः खाल्ल्यानंतर, वारंवार आल्या तर आतडं आतल्या आत अडकण्याचाही धोका असतो. ते दुधाने होत नाही आणि घरगुती उपायाने सुटत नाही. ताप, न थांबणाऱ्या उलट्या, काळी शी, असह्य कळ, यापैकी काहीही असेल तर धाग्यावर विचारू नका, रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा, आणि तिथे पहिल्या वाक्यात सांगा की बायपास झालंय.
आणि दूध सोडून दोन-तीन आठवडे झाले तरी जुलाब चालूच असतील तर तेही दाखवा. आतड्यात जंतू वाढणं, फॅट न पचणं अशी इतर कारणं असतात.

पर्वती_रोज
पमीताई, पहिला प्रतिसाद जरा जास्तच झाला. माझ्या मिसेसला पण दूध चालत नाही (तिची सर्जरी नाही). ती नाचणीचं सत्त्व ताकात करते, मीठ-जिरं घालून आंबिलीसारखं. ते तिला चालतं. विचारून सांगू का कृती?

कोथरूडची_पमी
सांगा की काका 🙂

अपडेट पण देते. पावडर बदलून आयसोलेट घेतली, पाण्यात कालवते, चव म्हणाल तर भिंतीला लावायच्या चुन्याची पण पोट शांत! सूपमधली दूध पावडर बंद, त्याऐवजी मुगाच्या डाळीचं घट्ट पाणी घालतात सासूबाई आणि त्यांना वाटतं ही त्यांचीच आयडिया आहे, मी काही बोलत नाही. चहा अर्धा कप, बिनसाखरेचा, चालला. घट्ट दही दोन चमचे चालले. दूध नुसतं अजून नाही, दोनदा हिंमत केली, दोन्हीदा बस चुकली. टीमला मेल केला, त्यांनी चार्ट बदलून दिला आणि कॅल्शियम कार्बोनेटचं सायट्रेट करून दिलं.

आता पुढचं संकट. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आहे, आटवलेलं, साखर ढीगभर. नाही म्हटलं की बायका विचारतात "अगं पण थोडं तरी".

मिसळ_विदाउट_पाव
ग्लास हातात घे आणि गच्चीभर फिर. कुणी बघत नाही प्यायलीस का. मी दोन कोजागिऱ्या अशा काढल्यात, शेवटी ग्लास नवऱ्याला.

आहारवाली
किंवा लॅक्टोज-फ्री दुधात केशर, वेलची, जायफळ घालून स्वतःचं छोटं थर्मास ने. साखर घालू नकोस, आटवू नकोस. पाव कप, घोट घोट.

पर्वती_रोज
मिसेसकडून कृती: नाचणीचं पीठ एक चमचा (सत्त्व असेल तर अर्धा) थंड पाण्यात गुठळी न होता कालवायचं, मंद गॅसवर चकाकी येईपर्यंत शिजवायचं, पूर्ण गार झालं की आंबटसर ताक घालायचं, मीठ, जिरेपूड, हवी तर कोथिंबीर. गरम असताना ताक घातलं तर फाटतं. ज्यांना ताक चालत नाही त्यांनी खडकीकरांसारखं नुसतं पाण्यात करून वर तूप.

खडकीकर
माझी दखल घेतल्याबद्दल आभारी आहे.

नाचणीची_भाकरी
यात प्रोटीन कमी आहे बरं का पमी, हे मधल्या वेळेला, जेवणाऐवजी नको.

कोथरूडची_पमी
नोटेड. आणि आता शेवटचं, गावाकडून चीक आलाय, खरवस होणार आहे घरी. खाऊ का नको? खरं सांगा, माझा जीव आहे खरवसात.

आहारवाली
पहिल्या चिकात लॅक्टोज नेहमीच्या दुधापेक्षा कमी असतं, पण आपण त्यात दूध आणि गूळ घालतो तिथे गडबड होते. सासूबाईंना सांग तुझ्यापुरती एक वाटी वेगळी लावा, दूध कमी, गूळ नावाला. त्यातले दोन चमचे खा, सुट्टीच्या दिवशी, आणि वहीत लिही.